दात आधी, इम्प्लांट मागाहून: पणजीजवळच्या एका दंतप्रशिक्षणाचे परीक्षण

डिचोलीत माझा दवाखाना सुरू होऊन बारा वर्षे झाली. बीडीएस झालेली, कोणत्याही एका शाखेतली तज्ज्ञ नसलेली, दाढ काढण्यापासून कवळी बसवण्यापर्यंत सगळी कामे करणारी दंतवैद्य गावोगाव असते, तशी मी एक. पणजीजवळ सामान्य दंतवैद्यांसाठी चालणारा इम्प्लांट (कृत्रिम दातासाठी जबड्याच्या हाडात रोवायचा धातूचा स्क्रू) आणि प्रोस्थोडॉन्टिक्स (कृत्रिम दात बनवून बसवण्याची शाखा) यांचा दहा महिन्यांचा अभ्यासक्रम मी गेल्या एप्रिलमध्ये पूर्ण केला. त्याविषयी विचारणा करणारे फोन इतक्या जणांचे आले की, प्रत्येकाला तुकड्यातुकड्याने उत्तर देण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढावे असे ठरवले. शुल्क मी स्वतःच्या खिशातून पूर्ण भरले आहे आणि या लेखनासाठी मला कोणी सांगितलेले नाही. संस्थेचे नाव लिहिलेले नाही, कारण यात कौतुकाबरोबर तक्रारीही आहेत आणि त्या मी संचालकांना लेखी कळवल्या आहेत. त्यांच्याकडून काय उत्तर आले तेही शेवटी लिहिले आहे.

मी या प्रशिक्षणाकडे का वळले हे सांगितल्याशिवाय त्याचे मोल सांगता येणार नाही. चार वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरात, एका हॉटेलच्या सभागृहात, मी दोन दिवसांची इम्प्लांट कार्यशाळा केली होती. पहिल्या दिवशी व्याख्याने, दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या जबड्यात दोन इम्प्लांट, संध्याकाळी प्रमाणपत्र आणि छायाचित्र. परत येऊन मी महिन्याभरात पहिला इम्प्लांट बसवला. खालची पहिली दाढ गेलेले एक गृहस्थ होते, खाणीवरच्या यंत्रांच्या दुरुस्तीत उभे आयुष्य गेलेले. इम्प्लांट हाडात उत्तम रुजला, एक्स-रे पाहून मला फार समाधान वाटले, तीन महिन्यांनी मी त्यावर सिमेंटने कॅप बसवली. आठ महिन्यांत ती हलू लागली. आतला स्क्रू सैल झाला होता आणि कॅप सिमेंटने चिकटवलेली असल्यामुळे स्क्रूपर्यंत पोचायला कॅप कापण्यावाचून मार्ग नव्हता. नवी कॅप केली, ती पाच महिन्यांत हलली. दुसऱ्यांदा कॅप कापताना हिरडीखाली अडकून राहिलेला सिमेंटचा तुकडा सापडला आणि हिरडीतून रक्त येण्याचे कारणही समजले. ते गृहस्थ रागावले नाहीत. खुर्चीवरून उठताना एवढेच म्हणाले, “डॉक्टरबाई, बोल्ट पुन्हा पुन्हा सैल होतो तेव्हा बोल्ट बदलून उपयोग नसतो. भोक तिरके पडलेले असते.”

ते अगदी बरोबर होते. इम्प्लांट जिभेच्या बाजूला झुकलेला होता. हाड तिथे जास्त होते, म्हणून मी तो तिथे घातला होता. वरची दाढ कुठे टेकते याचा विचार मी त्या दिवशी केलाच नव्हता. त्यामुळे चावण्याचा दाब इम्प्लांटच्या अक्षातून सरळ खाली न जाता एका बाजूने येत होता आणि प्रत्येक घासाला स्क्रू किंचित वाकत होता. हाडात स्क्रू रोवायला मला दोन दिवसांत शिकवले गेले, पण त्यावर दात उभा करायला शिकवलेच गेले नव्हते. हा दोष मी एकट्या त्या कार्यशाळेला देत नाही, कारण तेवढ्यावर हात घालण्याचा निर्णय माझा होता.

आता पणजीजवळच्या अभ्यासक्रमाविषयी. जुलै ते एप्रिल, दर महिन्याला एक शनिवार आणि रविवार, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. आमच्या तुकडीत सोळा दंतवैद्य होते: म्हापसा, फोंडा, मडगाव, काणकोण, दोघे सावंतवाडीचे आणि एक कारवारची. शिकवणारे चौघे, त्यांतले दोघे प्रोस्थोडॉन्टिस्ट, एक हिरड्यांचे तज्ज्ञ आणि एक मुखशल्यचिकित्सक. चारांपैकी दोन प्रोस्थोडॉन्टिस्ट असणे ही बाब मला प्रवेश घेताना महत्त्वाची वाटली नव्हती. आज कोणी मला विचारले की प्रशिक्षण निवडताना पहिल्यांदा काय पाहावे, तर मी हेच सांगेन: शिकवणाऱ्यांत दात बनवणारे किती आणि हाड उघडणारे किती ते पाहा.

पहिल्याच दिवशी सरांनी एक गोष्ट स्पष्ट केली, जी अनेक ठिकाणी सोयीस्करपणे वगळली जाते. राज्य दंत परिषदेकडे नोंदणी असलेला बीडीएस दंतवैद्य इम्प्लांट बसवू शकतो, पण हे प्रमाणपत्र म्हणजे पदवी नव्हे. तीन वर्षांचे एमडीएस न करता आपल्या फलकावर स्वतःला तज्ज्ञ म्हणवून घेण्याचा अधिकार यातून कोणालाही मिळत नाही. काही चेहरे उतरले. मला मात्र त्या क्षणी या माणसांविषयी विश्वास वाटला.

त्यानंतर दोन महिने इम्प्लांटचे नावही निघाले नाही. जुलै आणि ऑगस्टमध्ये आम्ही फक्त कवळी केली. पावसात डिचोलीहून म्हापशामार्गे गाडी हाकत पोचायचे आणि दिवसभर हिरव्या कंपाउंडची कांडी दिव्यावर मऊ करून ट्रेच्या कडेला लावत बसायचे, गाल आणि ओठ हलवून कडा घडवायच्या, थंड पाण्यात बुडवायचे, पुन्हा तपासायचे. फेसबो ही मापाची चौकट लावून वरच्या जबड्याचे स्थान आर्टिक्युलेटरवर, म्हणजे जबड्याच्या हालचालींची नक्कल करणाऱ्या उपकरणावर, नेणे मी अंतिम वर्षानंतर पहिल्यांदाच केले. जेवणाच्या सुट्टीत आमच्यात कुरकुर सुरू झाली. एवढे पैसे भरून, रविवार सोडून, तिसऱ्या वर्षात शिकलेली कवळीच करायची होती का, असे मीही म्हणाले. त्यावेळी मनापासून म्हणाले होते, म्हणून येथे नोंदवते.

सप्टेंबरच्या शनिवारी त्याचा उलगडा झाला. सरांनी एका रुग्णाची मेणातली दातांची मांडणी आमच्यासमोर ठेवली. ती मांडणी रुग्णाच्या तोंडात तपासलेली होती, हसताना दात किती दिसतात, ‘फ’ आणि ‘व’ म्हणताना ओठ कुठे टेकतो, चेहऱ्याची उंची किती, हे सगळे ठरलेले होते. मग त्यांनी तीच मांडणी पारदर्शक अ‍ॅक्रिलिकमध्ये उतरवलेली दाखवली, जिच्यात ठिकठिकाणी गटापर्चाचे, म्हणजे एक्स-रेत उठून दिसणाऱ्या रबरासारख्या पदार्थाचे, ठिपके भरले होते. ती घालून रुग्णाचे सीबीसीटी, म्हणजे जबड्याचे त्रिमितीय स्कॅन, काढलेले होते. पडद्यावर हाड दिसत होते आणि हाडाच्या वर, हवेत तरंगल्यासारखे, अजून अस्तित्वात नसलेल्या दातांचे ठिपके दिसत होते. त्यांनी पट्टी धरावी तशी रेघ दाताच्या मध्यातून खाली हाडाकडे ओढली आणि म्हणाले, “दात इथे यायचा आहे हे नक्की. आता खाली हाड आहे का पाहू. असेल तर इम्प्लांट, नसेल तर हाड वाढवू, तेही शक्य नसेल तर इम्प्लांट नाही. जिथे हाड आहे तिथे दात न्यायचा नाही.” सभागृहात कोणी काही बोलले नाही. मला माझे ते गृहस्थ आणि त्यांचा बोल्ट आठवला. कवळी करायला लावली ती याचसाठी, कारण दात कुठे यायला हवा हे ठरवण्याचे शास्त्र कवळीतच आहे.

नियोजनाचे पुढचे दोन महिने हा या अभ्यासक्रमाचा सर्वांत भक्कम भाग आहे. शेजारच्या दातापासून किमान दीड मिलिमीटर, दोन इम्प्लांटमध्ये तीन मिलिमीटर, खालच्या जबड्यातल्या मज्जातंतूच्या नलिकेपासून दोन मिलिमीटर, हे आकडे प्रत्येक पुस्तकात असतात. येथे ते पाठ करून घेतले नाहीत, मोजून घेतले. प्रत्येकाला दहा रुग्णांचे सीबीसीटी दिले, त्यांतल्या तीन ठिकाणी इम्प्लांट घालणेच चूक ठरणार होते आणि ती तीन कोणती हे सांगितलेले नव्हते. मी त्यांतले एक ओळखले नाही. खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूला, लाळग्रंथीजवळ, हाडाला एक खोलगट खाच असते. साध्या ओपीजीमध्ये, म्हणजे पूर्ण जबड्याच्या सपाट एक्स-रेमध्ये, ती दिसत नाही आणि ओपीजीतली प्रतिमा प्रत्यक्षापेक्षा २५ टक्क्यांच्या आसपास मोठी असू शकते. मी ओपीजीवरून लांबी ठरवली असती तर ड्रिल हाडाबाहेर जिभेखाली गेले असते, जिथे रक्तवाहिन्या आहेत आणि रक्तस्राव झाला तर श्वास अडकू शकतो. हे ऐकल्यापासून, आमच्या भागातून सीबीसीटीसाठी रुग्णाला म्हापशाला किंवा पणजीला पाठवावे लागते याचा कंटाळा मी केलेला नाही.

शस्त्रक्रियेचा भाग बोकडाच्या जबड्यापासून सुरू झाला. प्लास्टिकवर जे कळत नाही ते तिथे हाताला कळते. वरचा कडक थर फुटून ड्रिल मऊ हाडात शिरते तेव्हा हाताला जो हलका झोका बसतो, तो एकदा ओळखीचा झाला की माणूस आपोआप सावध होतो. शस्त्रक्रिया शिकवणाऱ्या बाईंनी आमच्यातल्या एकाला मुद्दाम सलाइन बंद करून ड्रिल चालवायला लावले. अर्ध्या मिनिटात जळक्या शिंगासारखा वास आला. हाड ४७ अंश सेल्सिअसला एक मिनिट राहिले तरी ते मरू लागते आणि मेलेल्या हाडात इम्प्लांट रुजत नाही, हे वाक्य मी वाचलेले होते. तो वास नाकात बसल्यावर ते वाक्य विसरणे अशक्य झाले. थांबत थांबत, वरखाली करत, धारदार ड्रिलने आणि भरपूर पाण्याखाली काम करायचे, एवढी साधी शिस्त त्यामागे आहे.

इतिहासाला त्यांनी जेमतेम अर्धा तास दिला, पण तो कामाचा होता. पेर-इंगवार ब्रानमार्क या स्वीडिश संशोधकाला १९५२ मध्ये सशाच्या हाडात बसवलेले टायटॅनियमचे उपकरण काढता येईना, तेव्हा हाड धातूला धरून बसते हे त्यांच्या ध्यानात आले. १९६५ मध्ये त्यांनी योस्टा लारसन यांच्या जबड्यात इम्प्लांट बसवले आणि लारसन २००६ मध्ये वारले तोवर, चाळीसहून अधिक वर्षे, ते टिकले. १९८२ च्या टोरांटो परिषदेनंतर जगाने हे शास्त्र स्वीकारले. सरांचा रोख तारखांवर नव्हता. पहिला शोध आणि पहिला रुग्ण यांच्यात तेरा वर्षे गेली आणि जगाची मान्यता मिळायला आणखी सतरा, हे त्यांनी फळ्यावर लिहिले आणि दोन दिवसांच्या कार्यशाळेचे नाव न घेता पुढच्या विषयाकडे वळले.

जानेवारीपासून प्रत्यक्ष रुग्ण. अभ्यासक्रमाचे नाव घेताना लोक ज्या भागाची उत्सुकता दाखवतात तो हा, पण मला जास्त लिहायचे आहे ते त्यानंतरच्या भागाविषयी: इम्प्लांट रुजल्यानंतर माप घेणे, अ‍ॅबटमेंट (इम्प्लांट आणि कॅप यांना जोडणारा भाग) निवडणे, स्क्रू आवळणे आणि दात टेकवणे. माझी जुनी चूक याच टप्प्यावर उघडी पडली होती.

स्क्रूचा तास प्रोस्थोडॉन्टिक्सच्या धाकट्या सरांनी घेतला. त्यांनी प्रत्येकाच्या हातात टॉर्क रेंच (किती जोराने आवळले ते दाखवणारा पाना) दिला आणि आधी बोटांनी आवळायला सांगितले. आम्हा सगळ्यांना वाटले की पुरेसे घट्ट झाले. रेंच लावून पाहिले तर बहुतेकांची बोटे १० ते १५ न्यूटन सेंटिमीटरच्या पुढे गेलेली नव्हती, आणि त्या स्क्रूला हवे होते ३५. मग त्यांनी समजावले की आवळताना स्क्रू किंचित ताणला जातो आणि स्प्रिंगसारखा तो ताणच दोन भागांना एकत्र दाबून धरतो. दोन्ही पृष्ठभागांवरचे डोळ्यांना न दिसणारे उंचवटे थोड्या वेळात दबतात आणि ताणाचा काही भाग निघून जातो, म्हणून दहा मिनिटे थांबून पुन्हा तेवढाच टॉर्क द्यायचा. ही दहा मिनिटे मी पूर्वी कधी थांबले नव्हते. त्याच तासाला त्यांनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीतल्या भोकातून फ्लॉसचा हातभर धागा ओवून गाठ मारली आणि तो धागा ओठाबाहेर सोडला. सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचा तो ड्रायव्हर ओल्या बोटांतून निसटून रुग्णाच्या घशात गेला तर श्वासनलिकेत पोचायला एक श्वास पुरतो. आता माझ्या दवाखान्यात धागा बांधलेला नसेल तर माझी सहायिका ड्रायव्हर माझ्या हातात देत नाही. हे मी तिला सांगितलेले आहे आणि ती ते पाळते.

दात टेकवण्याचा तास तितकाच महत्त्वाचा. नैसर्गिक दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंची एक गादी असते, तिच्यामुळे चावताना दात २५ ते १०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खाली दबतो. इम्प्लांटला ती गादी नाही. तो ३ ते ५ मायक्रॉनच हलतो. रांगेतले सगळे दात सारखे टेकवले, तर जोरात चावताना बाकीचे दात दबतात आणि सगळा भार इम्प्लांटवर येतो. म्हणून आठ मायक्रॉन जाडीची शिमस्टॉक पट्टी वापरायची. रुग्ण हलकेच दात मिटतो तेव्हा इम्प्लांटवरची पट्टी ओढली की सुटली पाहिजे आणि घट्ट मिटतो तेव्हा ती पकडली गेली पाहिजे. निळ्या कागदावर डाग आला की घासून टाकायचा, एवढेच मी बारा वर्षे करत होते. या दोन पकडींतला फरक हाताला कळायला मला तीन रविवार लागले.

माझ्या प्रशिक्षणातल्या रुग्ण होत्या साखळी गावच्या एक निवृत्त शिक्षिका, वय ६८, खालची कवळी गेली नऊ वर्षे वापरणाऱ्या आणि नऊ वर्षे तिच्यावर वैतागलेल्या. खालचे हाड झिजून सपाट झाले की कवळीला धरायला जागाच उरत नाही. बोलताना उचलली जाते, जिभेने सांभाळत बसावे लागते. त्यांचे मागणे मोठे नव्हते. “सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजतो, घरातले सगळे कडक उंडे (गोल पाव) खातात आणि मी चहात बुडवून खाते. एवढे तरी सोडवा डॉक्टर.” खालच्या दंतहीन जबड्यासाठी दोन इम्प्लांटवरची कवळी ही पहिली पसंती असावी, असे कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात २००२ मध्ये जमलेल्या तज्ज्ञांनी एकमताने म्हटले होते, आणि सामान्य दंतवैद्याच्या आवाक्यातले, सर्वांत जास्त दिलासा देणारे काम मला हेच वाटते. सहा इम्प्लांट आणि पूर्ण फिक्स दात यांची जाहिरात सगळीकडे दिसते. दोन इम्प्लांटची फारशी दिसत नाही.

मावशींचे काम मात्र लगेच झाले नाही. त्यांची एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी, नऊच्या वर निघाली. मी म्हणाले, औषध चालू आहे, करून टाकू. बाईंनी फाइल मिटवली आणि मला परत पाठवले. मावशींच्या फॅमिली डॉक्टरांशी मी स्वतः बोलावे, गोळ्या आणि आहार नीट लागावा, तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे, असे ठरले. त्यामुळे माझी शस्त्रक्रिया तुकडीत सर्वांत शेवटी, फेब्रुवारीत झाली. साखर तेव्हा सात-सव्वासातवर आली होती. सुळ्यांच्या जागी दोन इम्प्लांट, तीन महिने विश्रांती, मग अभ्यासक्रम संपल्यावर दोन बॉल अटॅचमेंट (गोल डोक्याच्या खुंट्या) आणि कवळीच्या आतून रबरी कड्या. कवळी पहिल्यांदा बसली तेव्हा जो ‘टक’ आवाज झाला तो ऐकून मावशी आरशात न पाहताच बोलू लागल्या, न थांबता, बहुधा मिनिटभर. नंतर त्यांनी ती काढायची कशी ते विचारले, कारण आता ती सहज निघत नव्हती.

नकार देणे, थांबणे आणि दुसऱ्याकडे पाठवणे यांना येथे कौशल्याइतकेच स्थान आहे. दिवसाला दहा-बारा सिगारेटी ओढणाऱ्या एका तरुणाला, ठिसूळ हाडांसाठी वर्षानुवर्षे इंजेक्शने घेतलेल्या एका आजींना, सायनस (वरच्या दाढांवरची हवेची पोकळी) खाली उतरून हाड तीन मिलिमीटरच उरलेल्या एका बाईंना आमच्या समोर समजावून परत पाठवले गेले किंवा पुढे पाठवले गेले. बांबोळीचे गोवा दंत महाविद्यालय १९८० पासून आहे, तिथे प्रोस्थोडॉन्टिक्सचा विभाग आहे. अवघड रुग्णाला तिथे चिठ्ठी देऊन पाठवण्यात कमीपणा नाही, हे चारही शिक्षक पुन्हा पुन्हा सांगत. रुग्ण आपल्या हातून जाईल ही भीती लहान गावातल्या दंतवैद्याला फार असते. माझा अनुभव उलटा आहे. मी पाठवलेले तीनही रुग्ण बाकीच्या कामांसाठी माझ्याकडेच परत आले.

आता तक्रारी. पहिली आणि सर्वांत मोठी लॅबविषयी. इम्प्लांटवरचा दात शेवटी तंत्रज्ञ बनवतो आणि आपण त्याला काय लिहून पाठवतो यावर अर्धे काम अवलंबून असते. त्यासाठी अभ्यासक्रमात फक्त अर्धा दिवस आहे. प्लास्टरच्या मॉडेलमध्ये नकली हिरडी का ओतायची, कॅपचा हिरडीतून वर येणारा आकार कसा सांगायचा, झिर्कोनिया कुठे आणि धातूवरचे पोर्सेलिन कुठे, हे सगळे धावत उरकले. तोंडात फिरवायचा स्कॅनर आम्हाला दाखवला गेला, हातात मिळाला तो प्रत्येकी दहा मिनिटे. दहा मिनिटांत स्कॅनर कळत नाही.

दुसरी तक्रार अशी की सगळे शिक्षण एकाच कंपनीच्या इम्प्लांटवर होते. त्या कंपनीचे इम्प्लांट चांगले आहेत, याविषयी माझे काही म्हणणे नाही. पण गोव्यात परदेशी राहून आलेले, जहाजावर नोकरी केलेले, कुवेत किंवा लिस्बन येथे इम्प्लांट बसवून घेतलेले रुग्ण दर महिन्याला येतात आणि प्रत्येकाचा स्क्रू वेगळा, ड्रायव्हर वेगळा. अनोळखी इम्प्लांट एक्स-रेवरून कसा ओळखायचा यासाठी एक तासही ठेवलेला नाही, ही गोव्यापुरती तरी मोठी उणीव आहे. याच्या जोडीला, दोन रविवारी सकाळचा पहिला तास कंपनीच्या प्रतिनिधीने विक्रीसाठी घेतला. शुल्क भरलेल्या वर्गात हे होता कामा नये.

तिसरी गोष्ट रुग्णसंख्येची. प्रत्येकाच्या वाट्याला दोन इम्प्लांट आणि दोन कृत्रिम कामे येतात. तेवढ्याने हात सुरू होतो, तयार होत नाही. अभ्यासक्रम संपल्यावर पहिल्या पाच रुग्णांच्या वेळी कोणी ज्येष्ठ शेजारी उभे राहील अशी सोय असायला हवी होती. फोनवर सल्ला मिळतो आणि तो तत्परतेने मिळतो, पण उघडलेल्या हिरडीसमोर फोन पुरा पडत नाही. इम्प्लांटभोवतीच्या हिरडीचे आणि हाडाचे आजार, म्हणजे बसवल्यानंतरची पुढची वीस वर्षे, यांना मिळाले दोन तास.

चौथी तक्रार भाषेची आहे आणि ती मला जवळची वाटते. रुग्णाच्या संमतीचा अर्ज फक्त इंग्रजीत होता. साखळीच्या मावशींनी तो वाचला आणि सही केली, त्या शिक्षिका होत्या. सत्तरी तालुक्यातल्या वाड्यांवरून येणाऱ्या माझ्या निम्म्या रुग्णांना तो वाचता आला नसता. ओठ किंवा हनुवटी कायमची बधिर होण्याची शक्यता, इम्प्लांट न रुजण्याची शक्यता, दर सहा महिन्यांनी तपासणीला यावे लागेल ही अट, या गोष्टी ज्या भाषेत माणूस घरी बोलतो त्या भाषेत लिहिलेल्या हव्यात. मी तो अर्ज मराठीत उतरवला, फोंड्याच्या सहाध्यायीने कोकणीत, आणि दोन्ही संस्थेला दिले.

खर्चाचा विचार करणाऱ्यांसाठी: मी २ लाख ४० हजार रुपये शुल्क भरले. यात शस्त्रक्रियेची मोटर, ड्रिलचा संच आणि टॉर्क रेंच येत नाहीत. ते घेताना तेवढीच रक्कम पुन्हा लागली. दहा शनिवारांचे बुडालेले काम वेगळे. ज्यांच्या दवाखान्यात महिन्याला एखादाच रुग्ण इम्प्लांटचा विचार करतो त्यांनी हे पैसे लगेच वसूल होतील असे धरू नये. तरीही त्यांना हा अभ्यासक्रम मी सुचवेन, कारण पहिल्या दोन महिन्यांतल्या कवळीच्या आणि दात टेकवण्याच्या शिक्षणाने माझी रोजची, बिनइम्प्लांटची कामे सुधारली आहेत. कवळी दुखते म्हणून परत येणाऱ्यांची संख्या स्पष्ट कमी झाली आहे. नुकतेच बीडीएस झालेल्यांनी मात्र दोन-तीन वर्षे थांबावे. ज्याने स्वतः पन्नास दाढा काढलेल्या नाहीत, शंभर कॅपची मापे घेतलेली नाहीत, त्याला येथे बोलले जाणारे अर्धे कळणार नाही.

खाणीवरच्या त्या गृहस्थांना मी मार्चमध्ये बोलावून घेतले. इम्प्लांट काढण्याची गरज नव्हती. सरांच्या देखरेखीखाली कोन दुरुस्त करणारे अ‍ॅबटमेंट लावले, वर कॅप बसवली ती स्क्रूची, सिमेंटशिवाय, चावण्याचा पृष्ठभाग अरुंद ठेवून. एक्स-रे काढून दोन भाग नीट बसल्याची खात्री केली, आवळले, दहा मिनिटे थांबले, पुन्हा आवळले. स्क्रूच्या डोक्यावर टेफ्लॉनची पट्टी आणि वर कॉम्पोझिट, म्हणजे पुन्हा उघडायची वेळ आली तर काही कापावे लागणार नाही. या कामाचे पैसे मी घेतले नाहीत. ती कॅप घट्ट आहे आणि हिरडीतून रक्त येत नाही.

माझ्या पत्राला संचालकांनी तीन आठवड्यांनी उत्तर दिले. पुढच्या तुकडीपासून लॅबसाठी दोन पूर्ण दिवस आणि कंपनीच्या प्रतिनिधीला वर्गाच्या वेळेत प्रवेश नाही, हे त्यांनी मान्य केले आहे. संमतीचे मराठी आणि कोकणी अर्ज वापरात आले आहेत. एकाच कंपनीच्या इम्प्लांटविषयी त्यांनी काही लिहिलेले नाही. नवी तुकडी जुलैत सुरू होते आणि प्रवेशाआधी संचालक प्रत्येकाला भेटायला बोलावतात. त्या भेटीत हा प्रश्न आणि पहिल्या पाच रुग्णांच्या वेळी सोबतीचा प्रश्न जरूर विचारावा.